वाणाला दिलेल्या कात्र्या

निफाडच्या बाजारात शेतीच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे. जानेवारीत मी तिथे जाऊन द्राक्षाच्या विरळणीच्या कात्र्या मागितल्या, त्याही पिशवीभर, तेव्हा दुकानदार काउंटरवरून पुढे वाकला.

"वहिनी, विरळणी तर उरकली सगळ्यांची. लोकं आता काढणीच्या तयारीला लागले. एवढ्या कात्र्यांचं करता काय?"

"हळदीकुंकू आहे. वाण लुटायचंय."

त्याला आधी चेष्टा वाटली. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि गुपचूप मागच्या फळीवरून खोकं काढलं. कागदात बांधून देताना एवढंच म्हणाला, "जपून हां, धार लय हाय." मला धारच हवी होती.

माझ्या नाकावर राग आहे असं सासूबाई म्हणायच्या. चूक आहे ते. नाकावरचा राग शिंकेसरशी निघून जातो. मी राग घडी घालून, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवते आणि वेळ आली की काढते. हा राग डिसेंबरातला होता आणि संक्रांतीपर्यंत त्याची एक घडी मोडली नव्हती.

मी इंदिरानगरात राहते आणि ब्लाउज शिवते. आमच्या सोसायटीतल्या, आजूबाजूच्या बऱ्याचशा बायकांची मापं माझ्याकडे आहेत. लेक नववीत आहे. त्या डिसेंबरात एक बातमी आली. दुसऱ्या एका शहरातल्या शाळेत मुलाने वर्गातल्याच मुलावर चाकू चालवला होता. टीव्हीवर दिवसभर तेच चाललेलं. मी मशीन थांबवून बघत राहिले. त्या जखमी मुलाची आई दवाखान्याच्या पायऱ्यांवर रडत होती, तिचा पदर खांद्यावरून पार घसरला होता, भोवती एवढी माणसं, पण कोणी तो सावरून देत नव्हतं. मला त्या बातमीतलं तेवढंच लक्षात राहिलं. त्यामुळे भीती काय असते ते मला कळत नाही, असं कोणी मला सांगू नये.

त्या रविवारी लेक मामाकडे होती, निफाडजवळच्या माझ्या माहेरी. डिसेंबरात तिकडे बागांमध्ये विरळणी चालते. घडातले दाटीवाटीने आलेले बारके मणी लहानशा कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्या मण्यांना फुगायला जागा होते. कात्री बोटभर लांब, टोकाला निमुळती. लेकीला हे काम मनापासून आवडायचं. मामा म्हणायचा, "भाचीचा हात लय हलका हाय. मणी गळतो पण घडाला पत्ता लागत नाय." संध्याकाळी काम उरकलं तेव्हा मामाचं धाकटं पोर, नुकतं चालायला लागलेलं, त्या कात्रीकडे झेपावलं. त्याच्या हाती लागू नये म्हणून लेकीने ती उचलून स्वतःच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात टाकली, चेन लावली आणि विसरून गेली. सोमवारी सकाळी मामाने पिकअपमधून तिला थेट शाळेच्या फाटकाशी सोडलं.

फाटकाशी त्या दिवशी टेबल मांडलेलं होतं. बातमीने धास्तावून शाळेने दप्तरं तपासायचं ठरवलं होतं. कोणाला कळवलं नव्हतं. शिक्षक कमी पडतात म्हणून काही पालकांना मदतीला बोलावलं होतं. त्यात समोरची होती.

समोरची म्हणजे आमच्या समोरच्या इमारतीत राहणारी. तिची मुलगी आणि माझी लेक पाचवीपासून एका बाकावर बसतात. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ती ॲडमिन. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या सोसायटीला माहीत, पण तोपर्यंत मला त्याचा कधी त्रास झाला नव्हता. तिच्या घरच्या लग्नाचे सगळे ब्लाउज मी शिवलेले.

फोटो तिनेच काढला. दुपारी माझ्याकडे कापड टाकायला आलेल्या एका बाईने तो मलाच दाखवला. "बघा ना ताई, काय ही आजकालची पोरं!" फोटोत मध्यभागी तिचाच बांगड्यांनी भरलेला डावा हात, त्यात उंच धरलेली कात्री. मागे एक मुलगी, अर्धीच दिसणारी, दप्तर पोटाशी धरून. चेहऱ्यावर जायच्या आधी माझी नजर तिच्या बाहीवर गेली. युनिफॉर्मची बाही मोठी होती म्हणून मी स्वतः आत घेतली होती. माझी शिलाई मी कुठेही ओळखते. खाली लिहिलं होतं, "आपल्याच शाळेत, आपल्याच मुलांच्या वर्गात. पालकांनो, जागे व्हा." शाळेतून आलेले फोन मशीनच्या आवाजात मला ऐकूच आले नव्हते.

मी शाळेत पोचले तेव्हा लेक मुख्याध्यापिकांच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. ती एकच वाक्य परत परत बोलत होती. "बाळ होतं ना तिथे, म्हणून ठेवली." तिच्या वर्गशिक्षिका, ज्या त्यांना गणित शिकवतात, त्या तिच्या शेजारी बसून तिचा हात चोळत होत्या. बाकी कोणी ऐकतच नव्हतं.

मुख्याध्यापिका चांगल्या शब्दांत बोलल्या. "आमचा हिच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण सध्याचं वातावरण बघता, थोडे दिवस हिला घरीच राहू दे. पालकांचे फोनवर फोन येताहेत."

"विश्वास आहे तर घरी कशाला?"

"समजून घ्या ताई. सगळ्या मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

"ही सगळ्या मुलांत येत नाही का?"

चोर सोडून संन्याशाला फाशी देणं म्हणजे काय ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी त्या संन्याशाचा हात धरून मी शाळेच्या फाटकातून बाहेर आले, आणि फाटकाशी समोरची अजून उभी होती. तिने मोबाईलमध्ये तोंड घातलं. मी तिच्याजवळ थांबून म्हटलं, "लक्षात ठेवीन." एवढंच.

लेक घरी बसली. दप्तर तिने पलंगाखाली सरकवलं. बाकावरच्या मैत्रिणीचा फोन नाही, मेसेज नाही. मुलींचा एक ग्रुप होता, त्यातून हिला काढून टाकलं. ज्या लेकीचं तोंड एरवी घरात बंद होत नसे, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. वर्गशिक्षिका मात्र रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायच्या, भूमिती शिकवायच्या आणि मध्येच विचारायच्या, "आज जेवलीस का गं नीट? आईने काय केलं होतं?" शाळेने बातमीनंतर मुलांसाठी, पालकांसाठी पुष्कळ भाषणं ठेवली. त्या सगळ्या भाषणांपेक्षा त्यांच्या त्या प्रश्नाने माझ्या घराला जास्त आधार दिला, हे मी कुठेही सांगेन.

नवरा म्हणाला, "जाऊ दे. लोक विसरतात."

"लोक विसरतील हो. हिचं काय?"

तो भला माणूस आहे. भल्या माणसांमुळेच असल्या बायकांचं फावतं.

आणि गंमत बघा, संक्रांतीसाठी समोरचीचा काळा ब्लाउज माझ्याकडेच शिवायला पडलेला होता. बातमीच्या आधी टाकलेला. भारी कापड, जरीचा काठ, मागे गळा खोल हवा म्हणालेली. तो कापताना माझ्या मनात काय काय आलं ते मी लपवणार नाही. बगलेत अर्धा इंच कमी ठेवला असता तर बाईचा हात कानाच्या वर गेला नसता, आणि पुन्हा कोणाच्या मुलीपुढे कात्री उंच धरता आली नसती. पण कापडाशी मी बेइमानी करत नाही. शिवाय तो सूड फार किरकोळ झाला असता. मी तो ब्लाउज आयुष्यात शिवला नसेल इतका चांगला शिवला. काजं हाताने केली. द्यायला गेले तेव्हा दारातच म्हटलं, "हळदीकुंकवाला याच ब्लाउजात या हं. फिटिंग बघायचंय मला." ती इतकी खूश झाली की चहाला बसा म्हणाली. मी बसले नाही.

हळदीकुंकू मी मुद्दाम लांबवलं, रथसप्तमीच्या तोंडावर ठेवलं. बोलावलं ग्रुपवरच्या बायकांना, ज्यांनी तो फोटो पुढे पाठवला होता त्यांना तर घरी जाऊन. अस्तराच्या उरलेल्या चिंध्यांतून मी एकेक छोटी पिशवी शिवली, तिला नाडी ओवली, आत कात्री. काळ्या साड्यांनी खोली भरून गेली. हळद, कुंकू, अत्तर, ओटीत बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे, सगळं रीतसर केलं. समोरची शेवटी आली. ब्लाउज तिला सुरेख बसला होता. लेक आतल्या खोलीत होती.

मग मी वाण वाटलं. पहिली पिशवी उघडली ती सोसायटीतल्या एका म्हाताऱ्या काकूंनी. त्यांनी कात्री बघून हात मागे घेतला. "अगं बाई! वाणात कात्री देतं का कोणी? भांडण होतं गं घरात."

"भांडण आधीच झालंय काकू. कात्रीच उशिरा आली."

आता सगळ्यांनीच पिशव्या उघडल्या. मी मधोमध उभी राहिले.

"ओळखलीत ना? फोटोत होती ती हीच. आता तुमच्या प्रत्येकीच्या हातात एकेक हत्यार आहे. काढा मोबाईल. एकमेकींचे फोटो घ्या आणि टाका ग्रुपवर. लिहा खाली, जागे व्हा. सगळ्यांचे येऊ देत, एकट्या माझ्या मुलीचाच कशाला?"

कोणी मोबाईल काढला नाही. एकीला हसू फुटलं, तिने ते पदरात दाबलं. मी भावाने पाठवलेला घड ताटात ठेवला. "हा माझ्या लेकीने विरळलाय. त्याच कात्रीने. मणी बघा केवढे झालेत. खा."

घडात अजून पुरती गोडी उतरली नव्हती. आंबट होता. पण मला त्या दिवशी कोणाला गोड खायला घालायचंच नव्हतं. त्यांनी खाल्ले मुकाट्याने, तोंडं वाकडी करत. मी प्रत्येकीचं तोंड नीट बघून घेतलं.

समोरचीने कात्री मांडीवर ठेवली होती. ती म्हणाली, "ताई, मी घाबरले होते हो. ती बातमी बघून माझी मुलगी शाळेत जायचं नाही म्हणून हट्ट धरून बसली होती. मला त्या क्षणी काही सुचलं नाही."

"घाबरलात, मान्य. मीही घाबरले होते. सापाची भीती वाटली म्हणून माणूस भुई धोपटतं, तेही मान्य. पण तिथे भुई नव्हती, माझी मुलगी होती. तुमच्या मुलीच्या बाकावर बसणारी. तिला तोंडाने विचारलं असतंत, हे काय गं, तर तिने सांगितलं असतं."

"मग आता काय करू?"

"जिथे टाकलंत तिथेच पुसा. तेवढ्याच मोठ्याने."

तिने माझ्या घरात, माझ्या सतरंजीवर बसून मेसेज लिहिला. बोटाला हळद लागलेली होती, ती काचेवर उमटत होती. कात्री द्राक्षाची होती, मुलीने लहान बाळाला लागू नये म्हणून दप्तरात ठेवली होती, फोटो टाकणं माझी चूक होती, सर्वांनी तो काढून टाकावा. मग खोलीतल्या पर्सांमधून एकापाठोपाठ एक मोबाईल वाजायला लागले. त्या आवाजाने मला जे सुख झालं, ते मला कुठल्या देवळातही झालेलं नाही.

शाळेनेही मग नमतं घेतलं. फाटकावर मोबाईल बंद झाले, आणि काही सापडलं तर आधी मुलाला विचारायचं, मग घरी फोन करायचा, असं ठरलं. ते मी मुख्याध्यापिकांसमोर बसून ठरवून घेतलं. लेक शाळेत जायला लागली. मैत्रीण परत बाकावर आली, जरा अवघडत. मला वाटलं, जिंकले. काही दिवस मी समोरच्या इमारतीकडे बघत बघत मजेत मशीन चालवली.

मग एकदा बॉबिन शोधताना माझ्या मशीनच्या खणात, अगदी मागे, अस्तराच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. उघडून बघितलं तर लेकीच्या कंपासपेटीतला कंपास आणि कर्कटक. मला वाटलं जुने असतील. परत ठेवून दिले.

त्याच आठवड्यात वर्गशिक्षिकांचा फोन आला. "ताई, भूमितीची चाचणी झाली. कंपासने काढायच्या रचना वर्गात सगळ्यात आधी हिलाच जमतात. पण पेपरात रचनेचे प्रश्न कोरे आहेत. कंपास आणला नाही म्हणाली. मी माझा द्यायला गेले, तर हात मागे घेतला तिने."

लेक तेव्हा पलंगावर दप्तर उलटं करत होती. सगळं ओतायची, रिकामं दप्तर झटकायची, प्रत्येक कप्प्यात हात फिरवायची आणि मग एकेक वही परत भरायची. शाळेला निघण्याआधी रोज असंच चालायचं. मी बघत होते आणि मुलगी किती टापटिपीची झाली म्हणून मनात खूश होत होते.

"कंपास का नेत नाहीस? शाळेने चालेल म्हणून सांगितलंय ना?"

ती वह्या लावत राहिली. "त्याला टोक असतं, आई."

भावाचा फोन येऊन गेला होता, काढणी सुरू झाली, भाचीला पाठव. लेक म्हणाली होती, अभ्यास आहे. तेही मला आता कळलं. माझ्या मुलीने बागेत जाणं सोडलं होतं, मार्क सोडले होते, टोक असलेली प्रत्येक वस्तू सोडली होती, आणि तिकडे ती बाई माझ्या हातच्या ब्लाउजात लग्नं मिरवत होती. ग्रुपवर माफी मागून तिचं सगळं फिटलं होतं. माझा घडी घातलेला राग पुन्हा बाहेर निघाला.

दुसऱ्या दिवशी मी खणातून कंपास घेतला आणि लेकीबरोबर शाळेत गेले. ती रस्ताभर म्हणत होती, "आई, नको ना." फाटकाशी टेबल होतं, समोरची होती, तिची मुलगीही मागे उभी होती. आजूबाजूला पोरांना सोडायला आलेले आईबाप. मी कंपास समोरचीपुढे धरला.

"हा घ्या. तुमच्या हाताने हिच्या दप्तरात ठेवा."

"मी? कशाला ताई? मी मागितली ना माफी."

"ग्रुपची मागितलीत. हिची कुठे मागितलीत?"

तिने इकडेतिकडे बघितलं. लोक थांबले होते. आईबाप थांबले की मुलंही थांबतात. तिने कंपास घेतला. लेकीच्या दप्तराची चेन उघडली, कंपासपेटीचं झाकण दोनदा निसटलं. शेवटी आत ठेवला. खाली मान घालून म्हणाली, "बाळा, चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं मी."

दप्तर खांद्याला लावून लेक आत निघाली. थोडं पुढे जाऊन थांबली आणि तिने दप्तर पुढे घेऊन चेन उघडली. मला वाटलं, आता काढून परत आणून देणार. तिने पेटी उघडली, कंपासचं टोक आतल्या बाजूला वळवलं, वर खोडरबर दाबून बसवलं, पेटी लावली, चेन लावली आणि वर्गाकडे गेली. समोरचीची मुलगी तिच्या मागोमाग पळाली.

"बघितलंत?" मी म्हटलं. "ती असं ठेवते. कोणाला लागू नये म्हणून. त्या दिवशीही तसंच ठेवलं होतं."

समोरची टेबलाला टेकून रडायला लागली, सगळ्यांसमोर, तोंड न झाकता. तिची ओढणी खांद्यावरून घसरून टेबलाखाली लोंबत होती. मी अगदी हाताच्या अंतरावर होते. मी ती सावरून दिली नाही.